माळाचा वाटा

आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी सराटीचा मुक्काम हलवते. पादुकांना नीरेचे स्नान घडते, पालखी नदी ओलांडते आणि सोलापूर जिल्ह्यातले पहिले मोठे गाव लागते ते अकलूज. इथे रिंगण होते. अश्व धावून जातो आणि त्याच्या टापांखालची माती लोक कपाळी लावतात. मातीला आणि मुक्या जनावराला एकाच वेळी नमस्कार करणारा हा समाज. मग याच जिल्ह्यातून माळढोक दिसेनासा कसा झाला?

हा पक्षी ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. उंची मीटरभर. नराचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. उडणाऱ्या पक्ष्यांत इतके वजनदार फार थोडे. घरटे बांधायची याची रीत नाही. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. चहूकडे दूरवर दिसणारे मोकळे रान हेच तिचे कुंपण. आहार म्हणाल तर नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे आणि शेतातले चार दाणे. ज्वारी, करडई, भुईमूग अशा जिरायत पिकांच्या सोबतीने तो शतकानुशतके राहिला. पिकावरचे किडे खाणारा हा शेतकऱ्याचा शेजारीच होता.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर तो असल्याचे १९७२च्या सुमारास बी. एस. कुलकर्णी या शिक्षकाने जाणकारांच्या नजरेस आणले. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र थोडेथोडके नव्हे, ८,४९६ चौरस किलोमीटर! सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतली गावे, रस्ते, खाजगी शेते असे सारेच त्यात आले. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि ज्या पक्ष्याशी वैर नव्हते त्याचे नाव काढताच लोकांच्या कपाळाला आठ्या पडू लागल्या. २०१२ मध्ये हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर पक्षीही ओसरले होते. आज आपल्या जिल्ह्यात एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. साऱ्या देशात मिळून मोकळ्या रानात दीडशेच्या आसपास उरले असतील, तेही बहुतेक जैसलमेरच्या बाजूला.

डॉ. सालिम अली यांनी राष्ट्रीय पक्षी म्हणून माळढोकाचे नाव सुचवले होते. १९६३ मध्ये तो मान मोराला मिळाला. मोराबद्दल तक्रार नाही. तो कार्तिकेयाचे वाहन, सरस्वतीच्या तसबिरीत तिच्या शेजारी उभा, आणि त्याचे पीस तर थेट कृष्णाच्या मुकुटात. माळढोकाच्या पाठीवर मात्र कोणी देव बसलेला नाही.

त्याच्या माळाचेही तसेच. बँकेत शेतीकर्जाचे अर्ज तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. सातबाऱ्यावर नजर टाकायची ती बागायत किती, जिरायत किती एवढ्यासाठी. पोटखराब क्षेत्र हिशेबातून वजा. पडीक म्हणजे उत्पन्न शून्य. कागदाच्या दृष्टीने ते बरोबरच होते. पण त्या शून्यातच लांडगा, खोकड, काळवीट आणि माळढोक नांदत होते, धनगरांच्या मेंढ्या चरत होत्या. ही नजर एकट्या बँकेची नव्हे. देशातल्या पडीक जमिनींचे जे सरकारी नकाशे निघतात, त्यांत झुडपी माळ आणि कुरणेही मोडतात. ज्या जमिनीला आपण आधी ‘वाया गेलेली’ म्हणतो, तिच्यावर पुढे काहीही केले तरी तो विकासच ठरतो. कधी तिथे नांगर फिरतो, कधी वसाहत उठते, तर कधी पर्यावरणाच्याच नावाखाली झाडे लावली जातात. गवताळ माळावर दाट झाडी उभी केली की माळाच्या पक्ष्याचे घर गेलेच. पण हिरवे दिसले की आपले समाधान होते.

अकलूजची गोष्ट याहून वेगळी नाही. नीरा उजव्या कालव्याचे पाणी आले, सासवडहून आलेल्या माळी बांधवांनी माळीनगर वसवले, शंकरराव मोहिते पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ज्याने दुष्काळ भोगला आहे त्याच्यापुढे उसाला नावे ठेवू नयेत. उसाने पोरे शिकवली, घरांवर स्लॅब घातले. पण या हिशेबात खर्चाची एक बाजू लिहायची राहून गेली. उसाच्या फडात माळढोक राहू शकत नाही. नीरेपलीकडे इंदापूर तालुक्यात, कडबनवाडीच्या माळावर चिंकारे अजून टिकून आहेत. कारण उघड आहे, तिथे माळ टिकला आहे.

कोणी म्हणेल, आपल्या धर्मात भूतदया आहेच. आहे. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपले. तहानलेल्या गाढवाला कावडीतली गंगा पाजणारे एकनाथ आपले. भागवतातल्या अवधूताने कबुतर, अजगर, हरीण, मधमाशी यांना गुरू केले आणि नाथांनी ते मराठीत उलगडून सांगितले. पण दया डोळ्यांसमोरच्या जिवावर येते. जो पक्षी दिसतच नाही, ज्याला भाकरी नको, फक्त मोकळी जागा हवी, त्याच्यापाशी ही दया पोचत नाही.

तिथे परंपरेतला दुसरा विचार धरावा लागतो. ईशावास्य उपनिषद आरंभीच बजावते की हे सारे ईश्वराने व्यापलेले आहे, म्हणून त्यागपूर्वक भोग घ्या, दुसऱ्याच्या धनाचा लोभ नको. गृहस्थाच्या पाच महायज्ञांत एक भूतयज्ञ सांगितला आहे, म्हणजे जेवण्याआधी इतर जिवांचा वाटा काढून ठेवायचा. काकबळी, गोग्रास, ताटाभोवतीची चित्राहुती या त्याच्याच खुणा. खळ्यावर रास पडली की बलुतेदारांचे माप आधी निघे. यात दयेपेक्षा हक्काची जाणीव अधिक आहे. घास मी दान करत नाही, तो मुळात माझा नाहीच, असा त्याचा अर्थ. ताटातला वाटा आपण पिढ्यान्‌पिढ्या काढला. आता प्रश्न जमिनीतल्या वाट्याचा आहे.

हा वाटा एकट्या गरीब शेतकऱ्याच्या सातबाऱ्यातून काढू नये. १९७९च्या त्या विस्तीर्ण रेषेने एवढे तरी शिकवले आहे. गायराने आणि उरलेले सरकारी माळ राखले, त्यांवर विणीच्या काळात मोकाट कुत्री फिरू दिली नाहीत, गवताला गवतच राहू दिले, जिरायत पिके घेणाऱ्याला चार पैसे जास्त मिळतील असे पाहिले, तर ते पुष्कळ आहे. विजेच्या तारांचे संकटही मोठे आहे. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही आणि जड अंगामुळे ऐन वेळी वळता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राजस्थान-गुजरातेतल्या मोठ्या प्रदेशात तारा जमिनीखाली घालण्यास सांगितले. सौर ऊर्जेचीही देशाला गरज आहे, म्हणून २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली गेली. दोन चांगल्या गोष्टींतही वाटणी करावी लागते, ती अशी.

जैसलमेरला २०१९ पासून अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे काम चालू आहे आणि त्याला यशही येते आहे. पण ती पिल्ले उद्या सोडायची कुठे? पक्षी प्रयोगशाळेच्या मदतीने वाढवता येईल, माळ तसा वाढवता येणार नाही.

सोलापूरच्याच मातीत जन्मलेले अरण्यऋषी मारुती चितमपल्ली २०२५च्या जूनमध्ये सोलापुरातच गेले. त्यांच्या जन्मदिवसापासून, ५ नोव्हेंबरपासून, सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, १२ नोव्हेंबरपर्यंत, महाराष्ट्रात पक्षी सप्ताह पाळला जातो. शाळांतून चित्रे लागतात, भाषणे होतात. ती जरूर व्हावीत. पण खरी परीक्षा त्या आठवड्याबाहेर असते. गावच्या गायरानाचा विषय ग्रामसभेत निघतो, ‘पडीकच तर आहे’ असे कोणी म्हणते आणि माना डोलू लागतात. त्या वेळी कोणीतरी उठून विचारले पाहिजे, “यातला वाटा कोणाकोणाचा?”