पाय गार कां पडतात?

भीतीनें हातपाय गार पडले, असें मराठींत सर्रास म्हटलें जातें. ही नुसती बोलण्याची लकब नव्हे. शरीरशास्त्रही तेंच सांगतें. शरीराच्या अंतर्भागाचें उष्णतामान सुमारें ३७ अंश सेल्सिअस राखणें हें मेंदूचें अखंड चाललेलें काम आहे. गारठा वाढला अथवा मन भेदरलें, कीं मज्जातंतूंच्या आज्ञेनें हातापायांच्या त्वचेंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि उष्ण रक्त हृदय, मेंदू इत्यादि मर्मस्थानांसाठीं राखलें जातें. पायांचीं बोटें हृदयापासून सर्वांत दूर. उष्णता उत्पन्न करणारे मोठे स्नायूही त्यांत नाहींत. म्हणून पहिली काटकसर तेथेंच होते. पौषांत शहाबादी फरशीवर पाय गारठावे आणि मोजे घालतांच पूर्ववत् व्हावे, यांत रोग नाहीं.

परंतु थंडी नसतांही पाय गार राहूं लागले, तर प्रथम एक साधी परीक्षा करावी. घरांतील दुसऱ्या माणसानें त्या पायास हात लावून पाहावा. पाय खरोखरच गार लागतो, कीं ज्याचा त्यासच तो गार वाटतो? या दोहोंत मोठें अंतर आहे.

स्पर्शास पाय ऊबदार असून आंतून गार वाटत असेल, तर दोष बहुधा रक्तप्रवाहाचा नसून संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंचा असतो. मधुमेहांत असें पुष्कळदां होतें. ब-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेनेंही होतें, आणि ती उणीव शाकाहारी कुटुंबांत विरळा नाहीं. येथें एक मोठा धोका आहे. अशा पायास चटका कळत नाहीं. रात्रीं ऊब मिळावी म्हणून पायाशीं घेतलेली गरम पाण्याची पिशवी त्वचा भाजते आणि सकाळपर्यंत त्याचा पत्ताही लागत नाहीं. मधुमेहांत जखम भरण्यास विलंब लागतो. प्रसंगीं बोटही गमवावें लागतें.

पाय स्पर्शासही गार असेल, तर धमन्यांकडे लक्ष द्यावें. उतारवयांत, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत व मधुमेह्यांत, धमन्यांच्या आंत मेद सांचून त्या अरुंद होतात. थोडें चालतांच पोटरी दुखूं लागते व थांबल्यावर दुखणें ओसरतें. घोट्याजवळील रक्तदाब दंडांतील रक्तदाबाच्या ०.९ पटीहून कमी भरल्यास डॉक्टर अडथळ्याचें निदान करतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुणांत मात्र निराळा रोग आढळतो. न्यूयॉर्कचे डॉक्टर लिओ बर्गर यांनीं १९०८ सालीं त्याचें वर्णन केलें. त्यांत लहान धमन्या सुजून बुजतात. तंबाखू समूळ सोडणें हाच त्यावर खरा उपाय. न सोडल्यास बोटें कापण्याची पाळी येते.

फ्रेंच वैद्य मोरिस रेनो यांनीं १८६२ सालीं वर्णिलेला विकार स्त्रियांत अधिक दिसतो. गारव्यानें बोटें प्रथम पांढरीं, मग निळसर व शेवटीं लाल होतात. तो बहुधा सौम्य असतो. रक्तक्षय, थायरॉइड ग्रंथीचें मांद्य आणि रक्तदाबावरील कांहीं औषधें यांमुळेंही पाय गार पडतात; रक्ततपासणीनें व औषधांच्या चौकशीनें हें उलगडतें.

श्रोत्यांनीं एक गोष्ट मात्र पक्की ध्यानांत ठेवावी. एकच पाय अकस्मात् गार, पांढुरका व अतिशय दुखरा झाला, तर शेकण्या-चोळण्यांत क्षणही दवडूं नये. धमनींत गुठळी अडकल्याचें तें लक्षण असूं शकतें. सुमारें ६ तासांच्या आंत रक्त पुन्हां वाहतें झालें नाहीं, तर पाय वांचविणें कठीण होतें. रुग्णास तत्काळ रुग्णालयांत न्यावें.

एरवीं सैल लोकरी मोजे, नित्य चालणें आणि तंबाखूस कायमची रजा एवढें पथ्य बहुतेकांस पुरेसें आहे. मधुमेह्यानें मात्र रोज रात्रीं तळपाय न्याहाळावे, आणि शेक घेण्यापूर्वीं पाणी किती ऊन आहे तें दुसऱ्याच्या हातानें पारखून घ्यावें.