सायकलवरून मेळघाट : परतवाडा ते सेमाडोह



सोयाबीन निघते, हरभऱ्याची पेरणी आटोपते आणि मग कॉलेजात जाणारे पोरगे एखाद्या संध्याकाळी म्हणते, "मी सायकलनं मेळघाटात जाऊन येतो, एकटाच." आजी कपाळाला हात लावते, आई गप्प होते आणि बाप कापसाच्या वेचणीचा विषय काढतो. मला विचाराल तर जाऊ द्यावे. पोरगी म्हणाली तरी माझे उत्तर हेच राहील. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ साली एकटीने सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली. कॅनडात तिच्यामागे अस्वल लागले, स्पेनमध्ये चाकू दाखवून तिला लुटले, तरी ती पुढे गेली. म्हणजे भीती खोटी नाही, पण तिच्यावर तयारीने मात करता येते.

अमरावती ते परतवाडा हे पन्नासेक किलोमीटर सपाट आहे. परतवाडा जवळ आले की संत्र्याच्या बागा लागतात, त्याखेरीज सांगण्यासारखे फार नाही. मुक्काम परतवाड्यालाच करावा. दुसऱ्या दिवशी चांगले उजाडल्यावर धारणीचा रस्ता धरावा, अंधारात मुळीच निघू नये. सेमाडोह तेथून पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर आहे. आकडा ऐकून "एवढेच ना?" असे वाटेल. मध्ये सातपुडा उभा आहे, हे विसरू नका.

घटांगपर्यंत चढण आहे. आपली साधी सायकल असेल तर बरीच वाट हातात धरूनच जाईल, त्यात कमीपणा नाही. उलट पायी चालताना झाडे ओळखता येतात. साग तर सगळीकडे आहेच. त्यात ऐन, हळदू, तिवस, मोह, तेंदू. पुढे उतार लागला की खरी परीक्षा. ब्रेक एकसारखे दाबून ठेवू नयेत, रबर तापते. दोन्ही ब्रेक थोडे थोडे लावत उतरावे. सकाळी दवाने भिजलेला सागाचा पाला वळणावर साबणासारखा निसरडा होतो. निघण्यापूर्वी ब्रेकची रबरे नवी घालावीत. पंप, सोल्यूशन, पाना आणि एक जादा ट्यूब जवळ ठेवावी. जंगलात पंक्चरचे दुकान शोधत बसू नका.

लोक वाघाचे विचारतात. व्याघ्र प्रकल्प झालेल्या देशातील पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट आहे, १९७४ पासून. तेव्हा वाघ आहेच. पण सायकलवाल्याने मी तर म्हणेन अस्वलाची आणि रानगव्याची जास्त काळजी घ्यावी. सायकलचा आवाज होत नाही. वळणावर अस्वल अचानक समोर येते, दचकते आणि अंगावर येते. म्हणून प्रत्येक वळणाआधी घंटी वाजवा, मोठ्याने गाणे म्हणा. गळा कसाही असो! मोहफुले पडतात त्या दिवसांत पहाटे या वाटेने जाऊच नये. मुख्य रस्ता सोडून आत सायकल घालू नका, तेथे वनखात्याची परवानगी लागते. माकडांना खाऊ घालू नका.

आता थोडे पाण्याविषयी, कारण माझ्या मते आपल्या पोरांनी तेथे जावे ते यासाठी. चिखलदऱ्याला अकोल्याच्या जवळजवळ दुप्पट पाऊस पडतो. डोंगराच्या उत्तर अंगाचे पाणी सिपना, खापरा, गडगा या नद्यांतून तापीला जाते. दक्षिण अंगाचे चंद्रभागा, शहानूर, वाण या नद्यांतून आपल्या पूर्णेकडे येते. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहीर खोदली तर मचूळ पाणी लागते, हे दर्यापूर-तेल्हाऱ्याकडच्या मंडळींना मी काय सांगावे? तेथील कितीतरी गावांच्या नळाला येणारे गोडे पाणी शहानूर आणि वाण धरणांचे आहे, म्हणजे याच जंगलाने अडवून सोडलेले. झाडीखाली पालापाचोळ्याचा थर हाताने उकरून पाहा. खालची माती डिसेंबरातही ओलसर लागेल. तुमच्या वावराच्या उघड्या धुऱ्यावर त्याच दिवशी मूठभर माती उचलून पाहिली, तर फरक कुणी समजावून सांगायला नको.

वाटेत कोरकूंची गावे लागतात. घरे समोरासमोर दोन ओळींत, मध्ये रुंद रस्ता. कोरकू भाषा मराठीच्या किंवा गोंडीच्या नात्यातली नाही, तिचे भाऊबंद दूर झारखंडातल्या मुंडारी आणि संथाळी आहेत. पाण्याला 'डा' म्हणतात. हा एक शब्द लक्षात ठेवला तरी ओट्यावरची म्हातारी हसून तांब्या पुढे करील. फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नये. त्यांच्या दारिद्र्यावर भाषण तर मुळीच देऊ नये, आपण पाहुणे आहोत.

दुपारपर्यंत सेमाडोहला पोचावे. तेथे वनखात्याची राहण्याची सोय आहे, खोली आधी ठरवून घ्यावी. अंगात जोर उरला म्हणून त्याच दिवशी धारणी गाठण्याच्या फंदात पडू नये. ते आणखी पन्नासेक किलोमीटर आहे आणि थंडीत पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो. डोंगरात मोबाईलचा भरवसा नाही, म्हणून कोणत्या दिवशी कोठे मुक्काम हे कागदावर लिहून आईजवळ ठेवून जावे. सिपनेच्या काठी पाय बुडवून बसायचे तर ऊन असेपर्यंतच बसावे. सांजेला ती जागा पाण्यावर येणाऱ्या जनावरांची.