कराटे आणि आवरलेला हात

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. एक आई आपल्या तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. मुलाचा उजवा हात सुजलेला. "डॉक्टरसाहेब, दारात हात चेंबला याचा," ती म्हणाली. मुलगा खाली मान घालून बसला होता. मी त्याला हळूहळू मूठ वळायला सांगितली. मूठ वळली की बोटांच्या मुळाशी चार उंचवटे दिसतात. याचा करंगळीचा उंचवटा आत बसला होता.

दारात चेंबलेल्या हाताचे सहसा असे होत नाही. करंगळीच्या मुळाशी तळहातात जे लांब हाड असते, ते वरच्या टोकाजवळ मोडले की हा उंचवटा खाली जातो. आणि ते बहुतेक वेळा कोणाला तरी, नाहीतर भिंतीला, ठोसा मारल्यानेच मोडते. डॉक्टर लोक याला 'बॉक्सर फ्रॅक्चर' म्हणतात. गंमत अशी, की कसलेल्या बॉक्सरला ते क्वचित होते. त्याचा ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या उंचवट्यांवर बसतो, मनगट सरळ असते. रागाच्या भरात वेडीवाकडी मूठ मारणाऱ्याचे हाड मोडते.

आईला औषधे आणायला पाठवले आणि विचारले, "काऊन रे, कोणाले मारलं?" बऱ्याच वेळाने उत्तर आले. वर्गातल्या मुलाने शिवी दिली होती. त्याच्या ओठाला टाका पडला होता.

आता मला बोलायला तोंड नव्हते. कारण सहा महिन्यांपूर्वी याच मुलाचे वाढलेले वजन आणि जिना चढताना लागणारी धाप पाहून, "याला कराटेच्या वर्गाला घाला," असे त्याच्या आईला मीच सांगितले होते. अनसिंगला शाळेच्या मैदानावर एक प्रशिक्षक वाशीमहून आठवड्यातून दोनदा येतात. मुलाचे वजन उतरले, धाप कमी झाली आणि मी खूष होतो. गोळी लिहून देताना तिचे दुष्परिणाम मी सांगतो. हा व्यायाम लिहून देताना त्यासोबत आणखी काय शिकवले जाते, हे विचारायचे मला सुचले नव्हते.

क्ष-किरण फोटोत हाड मोडलेले दिसले. वाशीमच्या हाडांच्या डॉक्टरांनी ते बसवून तीन आठवड्यांचे प्लास्टर घातले. जाता जाता पालकांना एक सांगतो. मारामारीत दुसऱ्याचा दात लागून बोटाच्या सांध्यावर जखम झाली, तर मुले "पत्रा लागला" म्हणून सांगतात. जखम दिसते एवढीशी, पण माणसाच्या तोंडातले जंतू सांध्यात शिरले की दोन दिवसांत बोट धोक्यात येते. अशी जखम घरी हळद लावून झाकू नका, आणि मुलाला खरे बोलायची भीती वाटेल असे रागावू नका.

चार दिवसांनी प्रशिक्षक स्वतः भेटायला आले. "साहेब, चूक अर्धी माझी आहे," ते म्हणाले. मुलाला आधी एक शिकवणी आणि नंतर दुसरी. त्यामुळे तो वर्गाला पंधरा मिनिटे उशिरा यायचा आणि दहा मिनिटे आधी जायचा. "मी चालवून घेतलं. सुरुवातीचा नमस्कार आणि शेवटचे नियम, दोन्ही त्याचे बुडायचे. मधले ठोसे आणि लाथा तेवढ्या तो शिकला."

शेवटचे नियम म्हणजे काय, हे मी त्यांच्याकडूनच समजून घेतले. बऱ्याच कराटे वर्गांत शेवटी मुले गुडघ्यावर बसून पाच गोष्टी एका सुरात म्हणतात : स्वभाव घडवायचा, खरेपणा सोडायचा नाही, कष्ट करायचे, दुसऱ्याचा मान राखायचा, आणि तापलेल्या डोक्याने हात उचलायचा नाही. आधुनिक कराटे घडवणारे गिचिन फुनाकोशी यांचे सांगणे असे, की कराटेची सुरुवात आणि शेवट आदराने होतो, आणि कराटेत पहिला वार नसतो. हे गृहस्थ ओकिनावा बेटावरचे शाळामास्तर. लहानपणी इतके अशक्त, की हे पोर जगेल असे घरच्यांना वाटत नव्हते. १९२२ साली त्यांनी ही विद्या टोकियोत नेली आणि १९५७ साली ते वारले. पहिला वार नसतो, हे त्यांचे वाक्य कामाकुराच्या एका मंदिरातल्या त्यांच्या स्मृतिशिळेवर कोरले आहे. त्यांच्या परंपरेतल्या नवशिक्यांच्या पाचही 'काता', म्हणजे ठरवून दिलेल्या हालचालींच्या मालिका, वार अडवण्यापासून सुरू होतात.

त्यांच्या आत्मचरित्रातला एक प्रसंग मला फार आवडला. युद्धानंतरचे दिवस, वय ऐंशीच्या घरात. रात्री घरी जाताना एका लुटारूने त्यांच्यावर छत्री उगारली. म्हाताऱ्याने खाली वाकून त्याला अशा नाजूक जागी धरले, की तो हलेना. पोलीस आला, लुटारू सापडला. आपण असतो तर हा किस्सा चावडीवर महिनाभर सांगितला असता! फुनाकोशींना मात्र त्याचा अभिमान वाटला नाही. शिष्यांना जे करू नका म्हणून सांगतो तेच आपण केले, आणि तो बिचारा कदाचित युद्धावरून परतलेला गरजू असेल, असे त्यांनी लिहून ठेवले.

कोणी म्हणेल, हे सगळे पुस्तकात. तर ७ ऑगस्ट २०२१ हा दिवस आठवा. नीरज चोप्राने टोकियोत भाल्याचे सुवर्ण जिंकले तो दिवस. त्याच दिवशी तिथेच कराटेच्या ७५ किलोवरील गटाची अंतिम लढत होती. सौदी अरेबियाचा तारेग हामेदी ४-१ ने पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहला इतक्या जोरात लागली, की तो बेशुद्ध पडला. पंचांनी हामेदीला बाद केले. सुवर्णपदक स्ट्रेचरवरून नेलेल्या खेळाडूला मिळाले. तिथे लाथ उंच जायला हवी, वेगाने जायला हवी, पण तिच्यावर ताबाही हवा. डॉक्टर म्हणून मला हा नियम पटतो. हाड जुळते, मेंदूला बसलेला मार तसा भरून येईलच असे नाही. सरावात डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळवू नये. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा विसंगत बोलणे असेल तर थेट मोठे रुग्णालय गाठावे.

यात परके असे काही नाही. आपल्या आखाड्यात पहिलवान आधी मातीला हात लावून कपाळाला लावतो, वस्तादाच्या पाया पडतो, मग सलामी. आखाड्याची ताकद गावात दाखवली तर जुने वस्ताद पोराला महिनाभर मातीत उतरू देत नसत.

मुलींच्या बाबतीत मात्र गैरसमज नको. शाळांत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण तीन महिन्यांचे असते, त्यात कराटेही येते. पहिला वार नाही म्हणजे सोसत राहा, असा त्याचा अर्थ नव्हे. कोणी अंगावर आला तर हात सोडवायचा, ओरडायचे, पळायचे आणि घरी सांगायचे.

मुलाला वर्गाला घालण्याआधी पालकांनी एक दिवस पूर्ण तास बसून पाहावा. दोन वर्षांत काळा पट्टा देतो म्हणणाऱ्या आणि लहान मुलांकडून कौले फोडून घेणाऱ्या ठिकाणाहून परत यावे. त्या वयात हाडांची टोके अजून वाढत असतात.

प्रशिक्षकांनी त्या मुलाला काढून टाकले नाही. प्लास्टर असेपर्यंत फक्त पहिली पंधरा आणि शेवटची दहा मिनिटे यायचे, मधला वेळ कडेला बसायचे, असे सांगितले. ओठ फुटलेल्या मुलाच्या घरी तो वडिलांबरोबर जाऊन आला. प्लास्टर निघाले तेव्हा मी पुन्हा मूठ वळून घेतली. पकड पूर्ण आहे. करंगळीचा उंचवटा जरा खाली राहिला आहे, तो तसाच राहील. दुसरी शिकवणी आता अर्धा तास उशिरा असते.