स्वक्षमताविश्वास म्हणजे काय?

विद्यार्थ्याची मुक्तकंठाने स्तुती करावी, ‘तू हुशार आहेस’ असे वरचेवर बजावावे, म्हणजे त्याचा आत्मविश्वास वाढून अभ्यासाची गोडी आपोआप उत्पन्न होईल, असा जो समज पालकांत आणि पुष्कळ शिक्षकांतही रूढ आहे, तो सद्भावनेतून आलेला असला तरी अपुरा आहे. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडलेला स्वक्षमताविश्वास (विशिष्ट काम आपल्या हातून पार पडेल, ही मनाची खात्री) ही स्वतःविषयीच्या सर्वसाधारण अभिमानाहून निराळी बाब आहे; निबंधात निःशंक असणारा मुलगा अपूर्णांक पाहताच कचरतो, तो यामुळेच. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या मुलाला काठावरून कितीही धीर दिला, तरी कमरेला सुका भोपळा बांधून स्वतः चार हात मारल्यावाचून पाणी आपल्याला तोलून धरते हे त्याला पटत नाही. शाब्दिक प्रोत्साहन, बरोबरीच्यांचे यश, चित्ताची स्वस्थता यांचा उपयोग आहेच. परंतु प्रत्यक्ष सिद्धीचा अनुभव हा बांडुरांच्या मते सर्वांत बलवत्तर.

१९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बांडुरा आणि डेल शंक यांनी वजाबाकीत कच्च्या असलेल्या मुलांना सात बैठकांसाठी ४२ पृष्ठांची उदाहरणे दिली. काहींपुढे दर बैठकीस ६ पृष्ठांचे निकटचे उद्दिष्ट ठेवले, तर काहींना अखेरपर्यंत सर्व ४२ पुरी करा, एवढेच सांगितले. निकटचे उद्दिष्ट मिळालेली मुले वजाबाकीत, स्वतःवरील विश्वासात आणि विषयाच्या गोडीतही सरस ठरली. तेव्हा पालकांनी सबंध पुस्तकाचा धाक घालण्याऐवजी आज संध्याकाळी सुटतील एवढीच उदाहरणे मुलापुढे ठेवावीत, आणि ती सुटल्यावर कोणती पायरी बरोबर आली, हे त्याला नेमके दाखवावे.