देवमासा अंगणात उतरवा

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर निळ्या देवमाशाचे एक पिल्लू वाळूत रुतले. गावकरी आणि सरकारी यंत्रणा यांनी दोन दिवस शर्थ करून त्यास पुन्हा समुद्रात लोटले. परंतु पुढे तेच पिल्लू मृतावस्थेत किनाऱ्यास लागले. त्याच्या शेजारी उभे राहिलेल्यास जे कळले, ते बालवर्गातील तक्त्यावरून कधीच कळणारे नाही. त्या तक्त्यावर देवमासा आणि उंदीर एकाच मापाच्या चौकटीत सुखाने नांदत असतात!

सिल्वासाचे उदाहरण घेऊ. दमणगंगा येथून वाहत जाऊन दमणला समुद्रास मिळते. तरीही पाड्यांवरील वारली, कोकणा, धोडिया बालकांच्या नित्याच्या पाहण्यात सागर नाही. मग देवमासा त्यांना दाखवावा कसा? उत्तर शोधण्यास विलायतेस जावयास नको. डहाणू तालुक्यात, १९४५ पासून बोर्डीस आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी पाने, बिया, शंख, माती यांतूनच बालशिक्षण उभे केले. मुलाचे हात हेच त्याचे पहिले पुस्तक, हे त्यांनी या मातीत सिद्ध करून दाखविले.

तेव्हा अंगणात शंभर फूट दोर पसरावा. मोठा निळा देवमासा जवळजवळ तेवढा भरतो. त्या दोरावर मुलांना ओळीने निजवावे आणि किती मुलांचा एक देवमासा होतो, ते त्यांनाच मोजू द्यावे. परातीतील पाण्यात चहाची भुकटी टाकून ती कंगव्याने गाळावी. एवढा अवाढव्य जीव दातांवाचून, जबड्यातील झालरीने बारीक कोळंबीसारखे जीव गाळून खातो, हे बोटांना उमजते. ती झालर आपल्या नखांच्याच द्रव्याची असते, हे सांगताच मुले आपली नखे निरखू लागतील. दोन पिशव्यांच्या मध्ये डालडा भरून त्यात हात घालावा व तो बर्फाच्या पाण्यात बुडवावा, म्हणजे चरबीची ऊब कळते. ही चरबी उपासाच्या दिवसांची शिदोरीही असते. आणि पालथे पडून पाय वरखाली हलविले की शेपटीचा भेद ध्यानी येतो: मासा ती डावीउजवीकडे हलवितो, देवमासा वरखाली. नाव ‘मासा’ असले तरी तो हवेत श्वास घेतो आणि पिलास दूध पाजतो. आपल्या भाषेने केलेली ही गफलत चौथ्या वर्षीच दुरुस्त झालेली बरी.

‘आधी बाराखडी येऊ द्या,’ असे पालक म्हणतील. त्यांची धास्ती आम्ही समजू शकतो. गरिबाच्या घरी अक्षर हीच पुंजी असते. पण ज्याने दोर मोजला, कंगवा हाताळला, त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही असते आणि ते लिहिण्यासाठी तो अक्षरे मागू लागतो. खरी अडचण निराळी आहे. अंगणवाडी सेविकेचा दिवस नोंदवह्या भरण्यातच सरतो. प्रशासनाने नव्या खेळण्यांच्या पेट्या खरेदी करण्यापूर्वी तिचा रोज एक तास मोकळा करावा. दोर, परात आणि कंगवा पाड्यावर आहेतच.