झाकलं जाण्याआधी

शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराट्याच्या शिवारात घराच्या पायासाठी जेसीबी लागला की पहिल्या अर्ध्या तासातच अंदाज येतो, हे घर मालकाला केवढ्याला पडणार. तीन-चार फुटांवर मुरूम लागला तर मिस्त्रीचा चेहरा खुलतो. सहा फूट खाली जाऊनही काळीच माती वर येत राहिली, तर मालक हिशेबाची वही पुन्हा उघडतो. भीमाकाठची ही जमीन उसाला जितकी चांगली, तितकीच घराला अवघड. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, आणि एप्रिल-मेमध्ये आकसली की तिला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उभी राहिलेली भिंत दरवर्षी थोडी उचलली जाते, थोडी बसते, आणि तीही सगळीकडे सारखी नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग बहुतेक वेळा इथूनच सुरू झालेली असते. त्यावर पुट्टी भरून रंग दिला तर ती पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडते.

जुन्या लोकांनी यावर साधा उपाय काढला होता. ते काळ्या रानात राहायलाच जात नसत. गाव पांढरीवर, शेत काळीत. मांडवगणच्या शेजारच्या टापूत, घोड नदीच्या उजव्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची शंभराहून अधिक घरं तिथे सापडली. आधीच्या काळातली घरं चौकोनी आणि ऐसपैस, मातीच्या बुटक्या भिंती आणि वर कुडाची. शेवटच्या काळात, हवामान कोरडं होऊन शेती खालावली तेव्हा लहान गोल झोपड्या. म्हणजे पीकपाण्याची परिस्थिती घराच्या आकारात उतरते, हे या परिसराला नवं नाही. आजही इथे घराचं काम बहुधा उसाच्या पहिल्या बिलावर सुरू होतं आणि पुढच्या बिलासाठी थांबतं.

आता मात्र माणसं गावठाण सोडून वस्तीवर आली आहेत. रात्रीची मोटार, गोठा, उसाचं पाणी, सगळं तिथेच. त्यामुळे नवी घरं नेमकी त्या काळ्या मातीत उभी राहतात जी पूर्वजांनी टाळली होती. अशाच एका वस्तीवरच्या घराच्या कामावर मी पायाच्या खड्ड्यापासून स्लॅबपर्यंत जाऊन उभा राहिलो आहे. तिथे पाहिलेलं, आणि जाणत्या मिस्त्रींकडून व इंजिनिअरांकडून कळलेलं इथे लिहितो आहे. घर बांधणाऱ्यासाठी माझं म्हणणं एकच आहे. ज्या दिवशी काहीतरी कायमचं झाकलं जाणार असेल, त्या दिवशी कामावर हजर राहा. टाईल्स निवडायला दोन दिवस कमी मिळाले तरी चालतील.

पहिला असा दिवस खड्ड्यांचा. फक्की मारून लाइनआउट झालं होतं, काटकोन तीन-चार-पाचच्या मापानं तपासला होता. एका कोपऱ्यातल्या खड्ड्यात साडेपाच फुटांवर पिवळसर मुरमाचे खडे दिसायला लागले होते. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "झालं आता, पीसीसी करून घेऊ." मिस्त्री खड्ड्यात उतरला. त्यानं पहार मारली, तर ती वितभर सहज आत गेली. त्यानं तळातलं ढेकूळ उचलून मुठीत दाबलं आणि पाण्याच्या बादलीत टाकलं. थोड्या वेळानं ते विरघळून पाणी गढूळ झालं. मुरमात काळी माती मिसळलेली होती. वर उभ्या असलेल्या घरमालकीण बाईंनीच मग सांगितलं, "मिस्त्री, अजून जाऊ द्या खाली. परत परत थोडंच खणणार आहोत?" आणखी दीड फुटावर पहारीचा आवाज बदलला. उरलेल्या खड्ड्यांत मुरूम वर लागला होता, तरी प्रत्येक खड्ड्याचा तळ असाच पहारीनं पाहिला गेला. एक कॉलम मुरमावर आणि शेजारचा काळ्या मातीवर, ही सगळ्यात वाईट मांडणी. दोन्ही वेगवेगळे बसतात आणि मधली भिंत फाटते.

काळी माती फारच खोल असेल तर दुसरी रीत आहे. रुरकीच्या केंद्रीय बांधकाम संशोधन संस्थेनं अशाच जमिनींसाठी तळाशी फुगीर बोंड असलेल्या अंडररीम पाईलची पद्धत विकसित केली. भारतीय मानकानुसार खोल काळ्या मातीत हे पाईल निदान साडेतीन मीटर जायला हवेत, म्हणजे ऋतूंप्रमाणे फुगणाऱ्या-आकसणाऱ्या थराच्या खाली. वरून जाणारा बीम मातीवर टेकवायचा नाही, खाली मोकळी फट ठेवायची. नाहीतर फुगलेली माती बीमच उचलते. असं काम शेजारच्या घराकडे बघून करता येत नाही. त्यासाठी मातीची तपासणी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं ड्रॉइंग लागतं. संपूर्ण घराच्या खर्चापुढे ती फी फार नसते, आणि ती वाचवणारी माणसं पाहिली की मला मनापासून वाईट वाटतं.

खड्ड्यातून निघालेली काळी माती परत जोत्यात भरायची नाही. ती शेतात पसरा, तिथे तिची किंमत आहे. जोत्यात आणि फुटिंगच्या भोवती मुरूमच हवा, तोही सहा-सहा इंचांचे थर देऊन, पाणी मारून, धुम्मसानं ठोकून. ट्रॉलीनं एकदम ओतून वरून पाणी सोडलं की दोन वर्षांनी फरशी पोकळ वाजते.

पाया कितीही चांगला केला तरी घराभोवतीचं पाणी नीट वळवलं नाही तर तो त्रास देतो. वस्तीवरच्या घरांत एक गोष्ट मला वारंवार दिसते. एका बाजूच्या भिंतीला लागूनच उसाची सरी असते आणि दुसऱ्या बाजूला कोरडं अंगण. उसाला बारा महिने पाणी, म्हणजे घराची एक बाजू कायम फुगलेली, दुसरी उन्हाळ्यात आकसलेली. भेगा पडणारच. ऊस भिंतीपासून लांब ठेवा, घराभोवती तीन-चार फुटांची उताराची पट्टी करा, न्हाणीघराचं आणि छपराचं पाणी पाईपनं दूर न्या. ऊस लांब ठेवण्याला इथे आणखी एक कारण आहे. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो आणि बिबट्या आता उसातच राहतो, वाढतो. दारापासून उसापर्यंत मोकळी, उजेडाची जागा, गोठ्याला वरूनही बंद जाळी आणि घराच्या आतून जाता येईल असं संडास-न्हाणीघर, या गोष्टी नकाशातच आल्या पाहिजेत. रात्री लहान मुलाला बाहेर जावं लागू नये, हा इथे सोयीचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

नदीच्या बाजूला जागा असेल तर पूररेषा बघा. वर रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते, त्यामुळे पुण्याच्या वरच्या धरणांतून सोडलेलं पाणीही इकडूनच जातं. पाटबंधारे खात्याची निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. "आमच्या आठवणीत इथवर पाणी आलं नाही" हे वाक्य त्या रेषांच्या जागी चालत नाही.

मालाबद्दल थोडक्यात सांगतो. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ट्रॉलीची लांबी, रुंदी, उंची टेपनं आतून मोजा आणि शंभरानं भागा. ओली वाळू फुगते, कधी कधी पाव पट दिसायला जास्त, म्हणून वाळूची गाडी ओली असेल तर माप कमी धरा. नदीची वाळू आता सरळ मार्गानं सहज मिळत नाही, बहुतेक कामं क्रश सँडवरच होतात. त्यात दगडाची भुकटी किती आहे ते ओंजळभर माल पाण्यात ढवळून पाहता येतं. सळई नगावर घेऊ नका, काट्यावर घ्या. बारा मिलिमीटरच्या सळईचं वजन मीटरला ०.८८८ किलो, म्हणजे बारा मीटरचा नग सुमारे साडेदहा किलोंवर भरायला हवा. आठ मिलिमीटरचा पावणेपाच. पाण्याचंही बघा. बागायतीच्या पट्ट्यात अनेक बोअरचं पाणी खारट आहे. जे पाणी पिववत नाही ते काँक्रिटमध्ये ओतू नका, आतली सळई गंजते. सळईच्या काँक्रिटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत हवं; नमुना प्रयोगशाळेत द्यायला फार त्रास नाही.

आता स्लॅब. गावात स्लॅब म्हणजे अर्धा सण असतो. नारळ फुटतो, पाहुणे येतात, जेवणाची पंगत असते. नेमक्या याच दिवशी मालक पाहुण्यांत अडकतो. माझी विनंती आहे की पाहुण्यांना संध्याकाळी बोलवा. त्या घरी आदल्या संध्याकाळी आम्ही सेंट्रिंगच्या प्लेटांवर चढून सळई पाहिली. सळईखाली कव्हर ब्लॉक होते का? निम्म्या ठिकाणी होते, निम्म्या ठिकाणी खडीचे तुकडे सरकवलेले. स्लॅबला खालून वीस मिलिमीटर, कॉलमला चाळीस, फुटिंगला पन्नास मिलिमीटर काँक्रिटचं आवरण लागतं. ते नसेल तर दहा-पंधरा वर्षांत छताचे पापुद्रे पडून गंजलेली सळई उघडी होते. कॉलमच्या रिंगांचे आकडे आत वळवलेले हवेत, १३५ अंशांत, काटकोनात सोडून दिलेले नकोत. भूकंपात रिंग उघडली की कॉलम उभ्या सळयांसकट फुगतो. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तरी हे आपल्याला कोणी वेगळं समजावायला नको.

सगळ्यात जपायची जागा गॅलरीची. आतल्या स्लॅबची मुख्य सळई खाली असते. बाहेर लोंबणाऱ्या गॅलरीत आणि छज्ज्यात ती वर असते. सकाळी फिटरनं ती नीट खुर्च्यांवर बसवलेली होती. दहा वाजेपर्यंत घमेली घेऊन जाणाऱ्या बिगाऱ्यांच्या पायांखाली ती दबून प्लेटांना टेकली. ओतल्यावर हे कुणालाच दिसलं नसतं. मिस्त्रीनं काम थांबवलं, ती पुन्हा उचलून बांधली आणि येण्या-जाण्यासाठी फळ्या टाकल्या. त्या एका थांबण्याला पाच-दहा मिनिटं लागली असतील.

दुसरं भांडण पाण्याचं. घट्ट माल पसरवायला हात दुखतात, म्हणून मिक्सरवाला पाईप जरा जास्त सोडतो. पन्नास किलोच्या एका पोत्याला साधारण पंचवीस-सव्वीस लिटर पाणी, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. मोजायला मापाची बादली ठेवा आणि घरातलं एक विश्वासाचं माणूस दिवसभर मिक्सरपाशीच बसवा. माल घट्ट वाटला तर व्हायब्रेटर लावायचा, पाणी नाही.

मग क्युरिंग. मार्च-एप्रिलच्या उन्हात ओतलेला स्लॅब दुपारपर्यंत पांढरा पडायला लागतो. संध्याकाळी वाफे करून पाणी भरलंच पाहिजे. आजकालचं बहुतेक सिमेंट फ्लाय अॅश मिसळलेलं असतं, त्याला निदान दहा दिवस, कडक उन्हाळ्यात चौदा. कॉलमना गोणपाट गुंडाळा, बांधून ओलं ठेवा. उसाला रात्री दोन वाजता उठून पाणी देणाऱ्या माणसाला हे जमत नाही असं म्हणायला जागा नाही. त्या घरी हे काम आजींनी घेतलं होतं, आणि त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. टेकू काढण्याची घाईही नको. साधं पोर्टलँड सिमेंट धरून मानक सांगतं की साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबला सात दिवस, त्याहून मोठ्याला चौदा, सहा मीटरवरच्या बीमला एकवीस. मिश्र सिमेंटला आणि थंडीत त्यात भर घालायची. ठेकेदाराला प्लेटा दुसऱ्या कामावर न्यायच्या असतात. म्हणून टेकू काढायचे हे दिवस आधीच करारात लिहून ठेवा.

कागदांचं एवढंच. ग्रामपंचायतीचा नमुना आठ ही कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. गावठाणातल्या घरांना मालमत्ता पत्रक मिळण्याचं काम ड्रोननं मोजणी करून सुरू झालं, त्याचा पहिला प्रयोग याच पुणे जिल्ह्यात, पुरंदरमधल्या सोनोरीत झाला. कर्ज काढायचं असेल तर बँकेत आधी जाऊन कुठला कागद चालतो ते विचारा, खड्डा नंतर खणा.

पायाच्या खड्ड्यांचे, जाळीचे, कॉलमच्या रिंगांचे, स्लॅबमधल्या वायरिंगच्या पाईपांचे आणि भिंतीत गाडलेल्या नळांचे फोटो टेप लावून काढून ठेवा. पुढे भिंतीत खिळा ठोकताना, वरचा मजला चढवताना तेच कामाला येतात. पैसे कमी पडले तर गिलावा, रंग, कंपाउंड मागे ठेवा. त्या वस्तीवरच्या घराला बाहेरून गिलावा अजून झालेला नाही. विटा उघड्या आहेत, आत राहणं सुरू झालं आहे, आणि बाहेरचं काम यंदाच्या गळिताच्या बिलावर धरलं आहे.