ओपन सोर्समध्ये फुकट काम केलं, पण नाव कुठे लागतं?

चिंचोटी नाक्यावरच्या ट्रॅफिकमधून सुटून रात्री नऊ-दहाला घरी पोचलेला माणूस जेवण झाल्यावर एखाद्या सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर करत बसला, की घरचे एकच विचारतात : “याचे पैसे मिळतात का?” बहुतेक वेळा मिळत नाहीत. नाव मिळतं, आणि मुलाखतीत तेच दाखवता येतं. पण ते दरवेळी आपोआप लागत नाही.

भाषांतरापासून सुरुवात करू, कारण कोडिंग न येणाऱ्यालाही ते जमतं. ग्नोम हा लिनक्सवरचा डेस्कटॉप. त्याच्या अ‍ॅपमधली मराठी वाक्यं ‘एमआर.पीओ’ नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असतात. वर इंग्रजी ओळ, खाली मराठी. त्यातच ‘ट्रान्सलेटर-क्रेडिट्स’ अशी एक ओळ दिसते. तिचं भाषांतर करायचं नसतं, तिथे भाषांतर करणाऱ्यांनी आपली नावं लिहायची असतात. ओळ रिकामी राहिली तर ‘अबाउट’ खिडकीत भाषांतरकाराचं नावच येत नाही. भरली, तरी ते नाव अ‍ॅप मराठीत वापरणाऱ्यालाच दिसतं. (मला तर हे छानच वाटतं.) आधीच्यांची नावं मात्र पुसायची नाहीत, त्यांच्याखाली आपलं जोडायचं.

कोडचं गणित वेगळं. गिटमध्ये प्रत्येक बदलासोबत नाव आणि ईमेल नोंदलं जातं, तेही दोन जागी : बदल कोणी लिहिला आणि कोणी आत घेतला. त्यामुळे तुमचा पॅच दुसऱ्याने जोडला तरी लेखक म्हणून तुम्हीच राहू शकता. गोची होते ती ईमेलची. गिटहबवरचे हिरवे चौकोन ईमेल जुळलं तरच भरतात. लॅपटॉपवर दुसराच पत्ता सेट असेल तर काम प्रोजेक्टमध्ये जातं, पण तुमच्या खात्यावर दिसत नाही. तो पत्ता सेटिंगमध्ये जाऊन खात्याला जोडा, जुनं कामही दिसायला लागेल. स्वतःच्या फोर्कमध्ये केलेले बदल मात्र मूळ प्रोजेक्टने घेतल्याशिवाय मोजले जात नाहीत.

लिनक्स कर्नलमध्ये तर बग कळवणाऱ्याचं आणि दुरुस्ती तपासून बघणाऱ्याचंही नाव ‘रिपोर्टेड-बाय’, ‘टेस्टेड-बाय’ म्हणून नोंदता येतं. एक ओळही कोड न लिहिता!

बक्षिसांचं काय? 2020 च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये टी-शर्टसाठी लोकांनी फालतू बदलांचा इतका पाऊस पाडला, की सहभागी व्हायचं की नाही हे प्रोजेक्टने आधी सांगायचं, असा नियम महिन्याच्या सुरुवातीलाच करावा लागला. टी-शर्ट धुवून विटतो. पायकॉन इंडियात केनेथ गोन्साल्विस यांच्या नावाचा पुरस्कार देतात, त्याची गोष्ट वेगळी. आडनाव आपल्या वसईत सर्रास ऐकू येणारं, पण माणूस उटीचा. पायथनच्या कामासाठी झटला, 2012 मध्ये गेला.

माझ्या मते सगळ्यात मोठा मान डेबियनचा. 2010 मध्ये तिथल्या सदस्यांनी मतदान करून ठरवलं, की पॅकेज न बनवणारे, म्हणजे भाषांतर, डॉक्युमेंटेशन करणारेही पूर्ण सदस्य होऊ शकतात. पॅकेज अपलोड करायचा अधिकार त्यांना नसतो. पण दरवर्षी प्रोजेक्टचा नेता निवडताना त्यांचं मत जुन्या-जाणत्या प्रोग्रामरच्या मताइतकंच मोजलं जातं.